बाळगुटीच्या डब्यांतील रान

गेल्या अंकांत आम्हीं बाळगुटीच्या डब्याविषयीं चार शब्द लिहिले, त्यावर वाचकांकडून बरींच पत्रें आलीं. बहुतेकांचा प्रश्न एकच : चांगली, न किडलेली मुरुडशेंग हल्लीं मिळते कोठें? एका भगिनींनीं पुण्यांतील काष्ठौषधींचीं चार दुकानें पालथीं घातलीं, आणि जी शेंग मिळाली ती बोटांत धरतांच तिचें पीठ झालें, असें त्या कळवितात. दुसऱ्या एका गृहस्थांनीं आमचे कान उपटले आहेत, आणि तें योग्यच झालें. पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून बाळास कांहींही देऊं नये असें हल्लींचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, हें आम्हीं त्याच लेखांत लिहावयास पाहिजे होतें. आमच्या घरींही यंदा सूनबाईंनीं तीच शिस्त पाळली. नातवंडाच्या आजीनें आठ दिवस कुरकुर केली, आणि मग तीच शेजाऱ्यांना ती शिस्त सांगूं लागली. असो.

मुरुडशेंगेचा प्रश्न मात्र आमच्या मनांत घोळत राहिला. त्याचें उत्तर देण्यासाठीं डबा काढून बसलों, तेव्हां असें दिसून आलें कीं उत्तर दुकानाच्या पत्त्यानें संपणारें नाहीं.

डबा तो केवढा! पण त्यांत अर्धा हिंदुस्थान सांठविलेला असतो. बाळहिरडा जुन्नर-आंबेगांवकडच्या डोंगरांतला. तो कोंवळा असतांना, भर उन्हाळ्यांत, महादेव कोळ्यांचीं कुटुंबें गोळा करून वाळवितात. काकडशिंगी हें फळही नव्हे आणि शिंगही नव्हे. हिमालयाच्या उतारावरील एका झाडावर कीटकाच्या उपद्रवानें आलेली ती गांठ आहे. मायफळ हीही तशीच गांठ, पण ती इराण-तुर्कस्थानाकडील ओक वृक्षावरची. अतिविषाची कळी हिमालयाच्या उंच कुरणांतून खणून काढावी लागते. आणि मुरुडशेंग आमच्याच तालुक्यांतल्या टेकडीवरची. सहाणेवर कोणत्या मुळीचे किती वळसे द्यावयाचे हें आमच्या मातुःश्रींना तोंडपाठ होतें, तें त्यांनीं सुनेला शिकविलें, आणि या विद्येचा आमच्या घरास थोडा अभिमानही होता. परंतु ती मुळी सहाणेपर्यंत येते कशी, याचा विचार आमच्या घरांत तीन पिढ्यांत कोणीं केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

मुरुडशेंग, बेहडा आणि कुड्याची साल आमच्या घरीं एक ठाकर बाई आणून देत असे. दिवाळी उलटली कीं पुढील दोन-तीन महिन्यांत केव्हांतरी ती डोकीवर पाटी घेऊन परसदारीं येई. मागीलदारच्या पायरीवर बसून चहा घेई, तांदूळ आणि जुनेर घेऊन जाई. हा क्रम जवळजवळ चाळीस वर्षें चालला. घरांत तिला 'मुळीवाली' म्हणत. आम्हीं चौतीस वर्षें शाळेंत हजेरीपट भरला. विद्यार्थ्याच्या नांवांतला ऱ्हस्व-दीर्घ चुकला तरी आम्हांस चैन पडत नसे. पण या बाईचें नांव काय, हें आम्हीं तिला कधीं विचारलें नाहीं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, अगदीं पहिल्याच अध्यायांत, आचार्यांनीं एक गोष्ट मोकळ्या मनानें नमूद केली आहे. रानांत शेळ्या, मेंढ्या आणि गाई राखणारे व इतर वनवासी लोक औषधी नांवानें आणि रूपानें ओळखतात, असा तिचा आशय. लगेच पुढें ते बजावतात कीं नुसत्या नांवारूपाच्या ओळखीनें औषधीचा खरा उपयोग कळला असें होत नाहीं. देश, काल आणि रोग्याची प्रकृति पाहून जो तिची योजना जाणतो तोच उत्तम वैद्य. सुश्रुतसंहितेंत तर गोपाळ, तापस, व्याध, वनचर आणि कंदमुळांवर राहणारे लोक यांच्याकडून औषधींची ओळख करून घ्यावी, असें स्पष्टच सांगितलें आहे. आयुर्वेद महाविद्यालयांत शिकणारीं कांहीं मुलें संस्कृतासाठीं आमच्याकडे येत असत. त्यांना आम्हीं चरकांतील दुसरें वचन फार रंगवून समजावून दिलें. पहिल्यांत व्याकरणाची अडचण नाहीं म्हणून तें सोडून पुढें जात असूं. आज मागें वळून पाहतां ती आमची चूक होती असें वाटतें.

कारण रानांतल्या माणसाचें ज्ञान ओळखीपुरतें नसतें, राखणीचेंही असतें. कोंकणांत श्रीवर्धन तालुक्यांत गाणी नांवाचें गांव आहे. तेथें काळकाई देवीची देवराई आहे; आमच्याकडे कोणी तिला देवरहाटीही म्हणतात. १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ही राई वनखात्याच्या तोडीच्या बेतांत आली. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ हे त्या वेळीं महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास करीत होते. गांवकऱ्यांनीं त्यांना पत्र लिहिलें कीं आमची राई वांचविण्यास साहाय्य करा. हे विद्वान गांवीं गेले, तेव्हां गांवकऱ्यांनीं देवीच्या कोपाचें भय पुढें केलें नाहीं. भोंवतालचें रान गेलें आहे, एवढा एक तुकडा उरला आहे, आणि आमचा बारमाही ओढा या तुकड्यावर जगतो, असें त्यांनीं सांगितलें. देवीचें नांव आणि ओढ्याचें पाणी हीं त्यांच्या लेखीं दोन वेगळीं प्रकरणें नव्हतींच.

त्याच राईंत गारंबीचा एक वेल होता. गारंबी ज्यांनीं पाहिली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों : हा वेल मोठमोठ्या झाडांवर चढून जातो, त्याच्या शेंगा दोन-दोन, तीन-तीन हात लांब असतात, आणि आंतील चपट्या, तपकिरी, गुळगुळीत बिया कोंकणांतलीं मुलें खेळावयास घेतात. त्या टापूंत हा एकच वेल उरला होता. गुरांना सर्पदंश झाला असतां त्याची साल उपयोगी पडते अशी तेथील समजूत, म्हणून ४० किलोमीटरवरून लोक ती न्यावयास येत. ही हकीकत वर्तक आणि गाडगीळ यांनीं १९७६ सालीं 'इकॉनॉमिक बॉटनी' या नियतकालिकांतील आपल्या निबंधांत दिली आहे. ती साल सर्पविषावर खरोखर चालते असें आम्ही म्हणत नाहीं. माणसास साप चावला तर सालीच्या शोधांत न जातां रुग्णालय गांठावें. आम्हांस लक्षणीय वाटतें तें हें कीं इतक्या लोकांना हवा असलेला एकुलता एक वेल इतकीं वर्षें टिकला. साल लागते तेवढीच काढावयाची, राईंत कोयता चालवावयाचा नाहीं, असा दंडक असल्यावांचून तें घडलें नसतें.

असा दंडक नसला म्हणजे काय होतें तें नरक्यानें दाखविलें आहे. सह्याद्रींतील हें झाड त्याच्या दुर्गंधामुळें या नांवास पात्र झालें. १९६६ सालीं अमेरिकेंत मोनरो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे सुपुत्र मनसुख वाणी यांनीं एका चिनी वृक्षांतून कॅम्प्टोथेसिन हें द्रव्य शोधून काढलें. कर्करोगावरील कांहीं आजच्या औषधांचें तें मूळ आहे. तेंच द्रव्य आमच्या नरक्यांतही आहे असें १९७२ सालीं आढळलें. पुढें परदेशांतून मागणी वाढली, तशी या झाडावर कुऱ्हाड चालूं लागली. तोडणारे हात पुष्कळदां त्याच डोंगरांतले होते, मजुरीवर लावलेले. नरक्याला देव नव्हता, आणि कुऱ्हाड चालविणाऱ्याला त्या लाकडाचें पुढें काय होतें हें ठाऊक नव्हतें. वाणींचा शोध थोर आहे. त्यानें असंख्य रोग्यांचें आयुष्य वाढविलें. त्या थोर शोधाची किंमत आमच्या डोंगरांत अशी वसूल झाली.

या साऱ्याचा बंदोबस्त करण्यासाठीं सरकारनें २००२ सालीं जैवविविधता कायदा केला. प्रत्येक ग्रामपंचायतींत समिति असावी, आणि गांवांतल्या लोकांना विचारून तेथील झाडें, वेली, पशुपक्षी व त्यांविषयींचें ज्ञान यांची एक नोंदवही तयार व्हावी, अशी त्यांत योजना आहे. योजना उत्तम. पण बहुत ठिकाणीं ती वर्षानुवर्षें कागदावरच राहिली, तेव्हां राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, आणि ती टळल्यास राज्यांना दरमहा १० लक्ष रुपये भरावे लागतील असें बजावलें. मग एकच धांदल उडाली.

आमच्या गांवची नोंदवही भरावयास एक तरुण आला. मुलगा सालस होता. त्याला एका महिन्यांत पंधरा गांवें उरकावयाचीं होतीं. संस्कृत नांवें तपासून द्या म्हणून ग्रामसेवकांनीं ती वही आमच्याकडे धाडली. पाहतों तों आमच्या डोंगरपायथ्याच्या गांवीं तिवरांचें दाट बन असल्याची नोंद! जवळपास ना खाडी, ना खारें पाणी. खाडीकांठच्या कोणत्यातरी गांवची यादी जशीच्या तशी उतरली होती, हें उघड झालें. आम्हीं तांबडी पेन्सिल काढली, जन्माची खोड! पण तांबड्या पेन्सिलीनें चुकीचें खोडतां येतें, बरोबर काय तें लिहितां येत नाहीं. त्या वहींत 'माहिती देणाऱ्याचें नांव' असा एक रकाना होता, आणि पानामागून पान तो रिकामा होता. त्या रिकाम्या रकान्याकडे पाहतां पाहतां आम्हांस परसदारची पाटी आठवली.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं ठाकरवाडीवर गेलों. चाळीस वर्षांत ती आमच्या दारीं आली होती, आम्हीं तिच्या दारीं प्रथमच जात होतों. वाट विचारावी लागली. तिनें आमच्यासाठीं घोंगडी अंथरली. आम्हीं येण्याचें कारण सांगून तिचें नांव विचारलें, तेव्हां ती हंसली. म्हणाली, "नाव लिवून काय व्हनार, गुर्जी? तेनं झाड ऱ्हाईल का?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तरी नांव तिनें सांगितलें. तें नोंदवहींत आहे. मासिकांत मात्र छापूं नका असें तिनें बजावल्यामुळें येथें देत नाहीं. मग ती आम्हांस टेकडीवर घेऊन गेली. मुरुडशेंगेच्या झुडुपाला ती केवणी म्हणते. केवणीच्या सालीचे दोर वळतात, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. लाल फुलांवर कोणते पक्षी येतात, तें तिनें त्यांच्या ठाकरी नांवांनीं सांगितलें. हाताशीं येतील त्या शेंगा ती तोडते. शेंड्याकडच्यांना हात लावीत नाहीं, त्या 'रानाच्या'. हिरवी शेंग काढावयाची नाहीं. ती वाळून पिळा घट्ट बसला म्हणजेच काढावयाची. दुकानांतली शेंग बोटांत पीठ कां होते, याचें उत्तर आम्हांस तेथें मिळालें : लवकर भाव मिळावा म्हणून लोक ती कच्ची ओरबाडतात आणि ओलीच पोत्यांत भरतात, मग तिला कीड लागते. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं शेंग घेतांना ती वजनाला हलकी पण टणक आणि आपटली असतां खणखणणारी पाहून घ्यावी.

त्या दिवशीं आम्हीं सत्तावीस झाडांची माहिती लिहून घेतली. अठ्ठाविसाव्यास ती थांबली. एक कंद तिनें दुरून दाखविला, पण त्याचें नांवही सांगितलें नाहीं आणि कशावर चालतो तेंही नाहीं. "ह्ये नातीला सांगनार," एवढेंच म्हणाली. आम्हांला थोडा राग आला, हें कबूल केलें पाहिजे. ज्ञान लपविल्यानें नष्ट होतें, असें आम्हीं जन्मभर शिकवीत आलों आहों. वहींत ती जागा कोरी ठेविली.

पुढें केरळांतील काणी लोकांची हकीकत वाचनांत आली, तेव्हां तो राग ओसरला. १९८७ सालीं अगस्त्यमलाईच्या डोंगरांत शास्त्रज्ञांची एक तुकडी फिरत होती. वाटाड्ये काणी होते. शास्त्रज्ञ थकून बसत, पण वाटाड्ये कसलींशीं बारीक फळें चघळीत ताजेतवाने चालत. विचारलें तर सांगेनात. तें जमातीचें गुपित होतें. फार आग्रहानंतर त्यांनीं तें झाड दाखविलें. त्याच्या पानांचा अभ्यास होऊन तिरुवनंतपुरमजवळच्या पालोड येथील वनस्पतिसंशोधन संस्थेनें 'जीवनी' नांवाचें औषध सिद्ध केलें, आणि कोइंबतूरच्या एका औषधशाळेस १० लक्ष रुपये व विक्रीवर २ टक्के अशा बोलीनें त्याचा परवाना दिला. यांतील निम्मा भाग काणींना मिळावा असें ठरलें, आणि त्यासाठीं १९९७ सालीं त्यांचा विश्वस्त निधि स्थापन झाला. ज्यांचें ज्ञान त्यांना वांटा, असें जगांत घडल्याचें हें अगदीं आरंभींचें उदाहरण म्हणून सांगतात, आणि संस्थेच्या प्रामाणिकपणाविषयीं आम्हांस आदर वाटतो. परंतु जमातीच्या कांहीं वैद्यांना गुपित फुटल्याचें दुःख झालें तें पैशानें गेलें नाहीं. पुढें पानें गोळा करण्यास वनखात्याची हरकत निघाली. आणि झाड मूळच्या रानाबाहेर लाविलें तर त्यांत तो गुण उतरत नाहीं असेंही आढळून आलें.

आतां कायद्याकडे पुन्हां वळूं, कारण येथें आमच्यासारख्या पोथीवाल्यांचा संबंध येतो. २०२३ सालीं या कायद्यांत दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तिच्या अन्वयें जें पारंपरिक ज्ञान प्रमाणग्रंथांत संहिताबद्ध झालें आहे, त्यास या कलमांतून सूट मिळाली. प्रमाणग्रंथांची यादी १९४० च्या औषधविषयक कायद्याच्या परिशिष्टांत आहे, आणि तींत चरक व सुश्रुत अर्थातच आहेत. वैद्यांना व देशी औषधींच्या धंद्याला जाच होऊं नये हा हेतु आम्ही समजूं शकतों; परसांत अडुळसा लावणाऱ्या वैद्यानें सरकारी परवानगीसाठीं खेटे घालावे असें कोणीच म्हणणार नाहीं. पण याचा अर्थ असा होतो कीं गुराख्यानें वैद्यास जें सांगितलें, तें वैद्यानें ग्रंथांत लिहिलें कीं गुराख्याचें ऋण फिटलें. ज्या ग्रंथानें पहिल्याच अध्यायांत तें ऋण मान्य केलें, त्याच ग्रंथाचा दाखला देऊन तें माफ करून घ्यावयाचें, ही वकिली चरकाचार्यांना मानवली असती असें आम्हांस वाटत नाहीं. आमची मजल मॅट्रिकपर्यंत. कायदेपंडितांनीं आमची समजूत चुकीची ठरविली तर आम्ही आनंदानें तसें छापूं.

हा लेख पुरा होत असतांना परवां ती आली. आतां पाटी तिच्या नातीच्या डोकीवर असते. मुलगी आश्रमशाळेंत नववींत आहे. पलीकडच्या टेकडीचे बंगल्यांसाठीं तुकडे पाडले आहेत, त्यामुळें तिकडच्या केवण्या गेल्या. यंदा शेंगा ओंजळभरच आहेत. त्या घेऊन आमच्या सौभाग्यवतींनीं तिला मागीलदारीं न बसवितां ओटीवर बसविलें, आणि बाळ तिच्या मांडीवर दिलें. गुटी द्यावयाची नाहीं हें ऐकून तिला मोठेंसें नवल वाटलें नाहीं. डबा उघडाच होता. तिनें त्यांतली अतिविषाची कळी उचलली, नखानें खरवडली, हुंगली. हें आपल्या डोंगरांतलें नव्हे, असें म्हणाली. आम्हीं सांगितलें कीं हें हिमालयांतलें, याचें मूळच खणून काढावें लागतें, म्हणून झाडच जातें, आणि आतां तें फार दुर्मिळ झालें आहे.

"तिथं कोन खंदतं ह्ये?" तिनें विचारलें.

आम्हांस सांगतां आलें नाहीं. तिनें ती कळी परत डब्यांत ठेवली आणि झांकण लावून डबा सूनबाईंच्या हातांत दिला.